मोठ्या आकाराच्या जुन्या छायाचित्रांचे उत्तम प्रतीचे डिजिटायझेशन: स्कॅनर वापरावा की कॅमेरा?

वाचनालय-कार्यकर्ता (धागाकर्ता)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात जुनी मोठी छायाचित्रे आहेत आणि त्यांच्या डिजिटल प्रती करण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवले आहे. त्यांपैकी सहा व्यक्तिचित्रे २० × २४ इंचांची असून ती जाड कागदावरची कृष्णधवल एनलार्जमेंट, म्हणजे निगेटिव्हवरून मोठ्या आकारात छापलेली छायाचित्रे, आहेत. दोहोंवर हाताने रंग भरलेले आहेत; पागोट्याचा लाल रंग आणि उपरण्याची जरीची किनार आजही उठून दिसते. सातवे छायाचित्र एका अधिवेशनाच्या वेळचे समूहचित्र आहे. ते १० इंच उंच आणि ४४ इंच लांब असून अनेक वर्षे सुरळी करून कपाटात ठेवलेले होते. त्यात दीडशेहून अधिक माणसे आहेत.

मुळात अशी आठ छायाचित्रे होती. मागील वर्षी त्यांतील एक आम्ही नकाशे स्कॅन करणाऱ्या एका दुकानात दिले. तेथे ते रुळांमधून ओढून घेणाऱ्या मोठ्या यंत्रात घातले गेले आणि कपाळापासून कानापर्यंत वरचा थर तडकला. आता प्रत मिळाली नाही तरी चालेल, पण मूळ छायाचित्राला धक्का लागता कामा नये, असे मी मनाशी ठरवले आहे.

माझ्याजवळ ए-४ आकाराचा साधा स्कॅनर आणि २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. किती रेझोल्यूशन पुरेसे धरावे, तुकड्या-तुकड्यांनी स्कॅन करावे की कॅमेऱ्याने टिपावे, आणि चकाकीचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. एक छायाचित्र काचेला आतून चिकटलेले आहे, हेही येथेच नमूद करतो.

चंदेरीमीठ

आधी रेझोल्यूशनचे गणित मांडू, कारण बाकीचे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. आपल्या कॅमेऱ्याची प्रतिमा ६००० × ४००० पिक्सेलची आहे असे धरतो. २० × २४ इंचांचे छायाचित्र एकाच फ्रेममध्ये बसवले, तर २० इंचांची बाजू ४००० पिक्सेलमध्ये बसवावी लागेल आणि दर इंचाला २०० पिक्सेल मिळतील. पडद्यावर पाहण्यासाठी हे पुष्कळ झाले, पण मूळ आकारात पुन्हा छापायचे असेल किंवा उपरण्याच्या किनारीवरील कलाकुसर पाहायची असेल, तर ते कमी पडते.

एनलार्जमेंटसाठी ४०० पिक्सेल प्रति इंच हे माझ्या मते योग्य लक्ष्य आहे. एनलार्जमेंटमध्ये निगेटिव्हवरील तपशील आधीच ताणला गेलेला असतो. त्यामुळे ६०० च्या वर गेल्यास बहुधा कागदाचा पोतच अधिक बारकाईने टिपला जातो, चेहऱ्याविषयी नवे काही मिळत नाही. ४०० ने २० × २४ इंचांची प्रतिमा ८००० × ९६०० पिक्सेलची, म्हणजे सुमारे ७७ मेगापिक्सेलची होते. १६ बिटच्या रंगीत टिफ या, दर्जा न घटवणाऱ्या फाइल-स्वरूपात एका फाइलला सुमारे ४६० एमबी जागा लागते.

छायाचित्रे कृष्णधवल असली तरी ती रंगीत पद्धतीनेच टिपावीत. कागदाचा पिवळेपणा, टोनिंगची तपकिरी छटा, पाण्याचे डाग हा सगळा त्या वस्तूचा इतिहास आहे. ग्रे-स्केलमध्ये तो कायमचा हरवतो.

सागवान

मी स्कॅनरच्या बाजूने बोलतो. स्कॅनरमध्ये प्रकाश सर्वत्र सारखा असतो, भिंग तिरके होण्याची भीती नसते आणि शिकायला वेळ लागत नाही. ए-४ स्कॅनरवर २० × २४ इंचांचे छायाचित्र ३ × ३ अशा नऊ तुकड्यांत बसेल. कोणाकडे १२.२ × १७.२ इंचांचा, म्हणजे एप्सन एक्स्प्रेशन १२०००एक्सएलसारखा ए-३ स्कॅनर मिळाला, तर चार तुकड्यांत काम होईल. दोन गोष्टी मात्र अटीच्या आहेत. स्कॅनरचे आपोआप उजळपणा आणि रंग ठरवणे पूर्णपणे बंद करावे, नाहीतर प्रत्येक तुकडा वेगळ्या उजळपणाचा येतो आणि जोडताना आकाशात पट्टे दिसतात. दुसरे म्हणजे शेजारच्या तुकड्यांत किमान दोन इंच भाग सामाईक ठेवावा.

अर्धाउजेड

सागवान, आपले म्हणणे लहान आणि सपाट छायाचित्रांबाबत मला पूर्ण मान्य आहे. परंतु धागाकर्त्यांच्या छायाचित्रांसाठी मी स्कॅनर सुचवणार नाही आणि त्याची कारणे प्रत्यक्ष कामातली आहेत.

बहुतेक घरगुती स्कॅनरांत काच आणि तिच्या भोवतीची प्लास्टिकची कड एका पातळीत नसते. काचेपेक्षा मोठे छायाचित्र ठेवले की ते त्या कडेवर टेकते आणि काचेपासून एक-दोन मिलिमीटर वर राहते. पातळ, वजनाला हलक्या स्कॅनरांमध्ये सीआयएस प्रकारचा सेन्सर असतो. त्याची खोलीतील स्पष्टता इतकी थोडी असते की त्या एक-दोन मिलिमीटरांतच कडेचा भाग पुसट होतो. सीसीडी सेन्सरचे स्कॅनर हे अंतर बऱ्यापैकी सहन करतात, तरीही जुना कागद सपाट बसावा म्हणून वरून दाब द्यावाच लागतो. शंभरीकडे झुकलेला जिलेटिनचा थर, म्हणजे कागदावरचा प्रतिमा धरून ठेवणारा थर, उलटा करून नऊ वेळा काचेवर ठेवायचा, दाबायचा आणि सरकवायचा, हे मला धोक्याचे वाटते. रंगवलेल्या छायाचित्रांवर तर काच टेकवूच नये. रंगाचे कण वरवर बसलेले असतील, तर ते काचेवर उतरतात.

कॅमेऱ्याची मांडणी एकदाच नीट बसवावी लागते. छायाचित्र टेबलावर चेहरा वर करून सपाट ठेवावे, कॅमेरा त्यावर काटकोनात खाली पाहणारा असावा आणि दोन्ही बाजूंनी समान अंतरावर, ४५ अंशांच्या कोनात सारखे दोन एलईडी दिवे असावेत. दिव्यांची रंगनिष्ठा, म्हणजे सीआरआय, ९५ किंवा अधिक असावी. हॅलोजनचे दिवे नकोत, कारण त्यांच्या उष्णतेने कागद डोळ्यांदेखत वळतो. दिवे जितके दूर, तितका प्रकाश समान पडतो; जवळच्या दिव्याने एक कड उजळ आणि मध्य काळपट होतो.

कॅमेरा छायाचित्राशी समांतर आहे की नाही, हे स्पिरिट लेव्हलपेक्षा आरशाने अधिक अचूक कळते. छायाचित्राच्या जागी लहान सपाट आरसा ठेवावा आणि कॅमेऱ्यातून पाहावे. भिंगाचे स्वतःचे प्रतिबिंब फ्रेमच्या अगदी मध्यभागी दिसले की मांडणी समांतर आहे. हा उपाय फुकटचा आहे आणि मला माहीत असलेल्या सर्व उपायांत तो सर्वाधिक भरवशाचा आहे.

किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स, शक्यतो टाळावी. ५० किंवा ६० मिलिमीटरची मॅक्रो (जवळून टिपण्यासाठीची) लेन्स भाड्याने घेता आली तर घ्यावी, छिद्र एफ-८ च्या आसपास, आयएसओ १००, फोकस हाताने आणि एकदाच ठरवलेला. एफ-१६ पर्यंत गेल्यास सगळे स्पष्ट येईल असा समज आहे, पण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, प्रतिमा उलट मऊ पडते. फाइल रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, घ्यावी.

वाचनालय-कार्यकर्ता (धागाकर्ता)

मन:पूर्वक आभार. आरशाची युक्ती आजच करून पाहिली आणि डोळ्यांना सरळ वाटणारा कॅमेरा प्रत्यक्षात बराच कललेला होता हे कळले.

एक शंका आहे. दोन व्यक्तिचित्रांच्या गडद भागांत, विशेषतः कडांना, निळसर चंदेरी झाक आली आहे. समोरून पाहिले तर दिसत नाही, पण तिरक्या प्रकाशात ती आरशासारखी चमकते. ही कापसाने पुसून काढता येईल का?

चंदेरीमीठ

कृपया पुसू नये. ती धूळ किंवा बुरशी नाही. छायाचित्रातील प्रतिमा ज्या चांदीच्या सूक्ष्म कणांची बनलेली असते, त्या चांदीचे हवेतील वायू आणि ओलावा यांमुळे ऑक्सिडीकरण होते, ती आयनांच्या रूपात पृष्ठभागाकडे सरकते आणि तेथे पुन्हा धातुरूप घेते. म्हणजे ती झाक हा त्या छायाचित्राचाच अंश आहे आणि ती पुसणे म्हणजे प्रतिमाच थोडी पुसणे होय.

प्रत करताना ती दिसू नये म्हणून ध्रुवीकरणाचा, म्हणजे प्रकाशलहरींना एकाच दिशेत कंप पावू देण्याचा, उपयोग करता येतो. दोन्ही दिव्यांसमोर ध्रुवीकरण करणारी पारदर्शक फिल्म एकाच दिशेने लावावी आणि भिंगावर पोलरायझर फिल्टर बसवावा. छायाचित्राशेजारी एखादे चकचकीत नाणे ठेवून फिल्टर हळूहळू फिरवावा. नाण्यावरची चमक विझून ते काळे पडले की दोन्ही ध्रुवीकरणे एकमेकांना काटकोनात आली. या स्थितीत पृष्ठभागावरून थेट परावर्तित होणारा प्रकाश अडतो आणि चंदेरी झाक, काचेची चकाकी, कागदाच्या खडबडीत पोतावरचे चमकणारे ठिपके, हे सगळे एकदम नाहीसे होते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा काळ्या कोटाच्या घड्या खोलातून वर आल्यासारख्या वाटल्या होत्या, हे मी विसरलेलो नाही. प्रकाश मात्र दोन-तीन स्टॉप (दर स्टॉपला निम्मा) कमी होतो, म्हणून शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते आणि कॅमेरा भक्कम बसवलेला असावा लागतो.

सागवान

येथे मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. आपण झाक काढून टाकलेली प्रत हीच मूळ प्रत म्हणून जतन केली, तर पुढच्या अभ्यासकाला छायाचित्राची खरी अवस्था कशी कळणार? रंगवलेल्या छायाचित्रांत ब्रशचे उंचवटे असतात, तेही या पद्धतीने सपाट दिसतात.

चंदेरीमीठ

आक्षेप अगदी रास्त आहे आणि मी तो आधीच लिहायला हवा होता. प्रत्येक छायाचित्राच्या दोन प्रती घ्याव्यात: एक ध्रुवीकरणासह, वाचनासाठी आणि छपाईसाठी, दुसरी फिल्टरांशिवाय, वस्तूची अवस्था दाखवणारी. रंगवलेल्या दोन छायाचित्रांना एका बाजूने तिरका प्रकाश टाकून तिसरीही घ्यावी, म्हणजे ब्रशचे फटकारे दिसतील. आणि मागची बाजूही टिपावी. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलने लिहिलेले नाव, चौकट करणाऱ्याची चिठ्ठी, हे बहुधा मागेच असते.

उत्तरसमुद्र

मी नेदरलँड्समध्ये राहते आणि डिजिटायझेशनच्याच क्षेत्रात काम करते, म्हणून मानकांविषयी थोडे लिहिते. येथे मेटामॉर्फोझ नावाची मार्गदर्शक तत्त्वे वापरली जातात, अमेरिकेत फॅडजी या मार्गदर्शक तत्त्वांची, दर्जा ताऱ्यांनी मोजणारी श्रेणी आहे आणि आयएसओ १९२६४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. गावातील वाचनालयाने या सर्वांची पूर्तता करावी असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांच्यामागचा विचार घेण्यासारखा आहे: प्रतिमा चांगली आहे की नाही हे नजरेने ठरवण्याऐवजी मोजून ठरवावे.

त्यासाठी दोन वस्तू पुरेशा आहेत. एक २४ रंगांचा कलरचेकर, म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकोनांचा तक्ता, जो प्रत्येक छायाचित्राच्या आधी त्याच प्रकाशात, त्याच जागी टिपावा. त्यातील सर्वांत पांढरा चौकोन ० ते २५५ च्या मोजमापात २४३ च्या आसपास यावा आणि राखाडी चौकोनांत लाल, हिरवा व निळा यांची मूल्ये जवळजवळ समान असावीत. फिल्टर लावल्यावर रंग गडद होतात आणि कॉन्ट्रास्ट वाढतो, म्हणून फिल्टरांसह काढलेल्या प्रतीसाठी कलरचेकरही फिल्टरांसहच टिपावा. दुसरी वस्तू म्हणजे छायाचित्रापेक्षा मोठा, कोरा, मंद पांढरा पुठ्ठा. तो त्याच जागी ठेवून एक फ्रेम घ्यावी. तिच्यात कोपरे मध्यभागापेक्षा किती काळपट आहेत हे आकड्यांत दिसते आणि रॉथेरपीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या फ्रेमच्या आधारे उरलेला असमतोल दुरुस्तही करता येतो. अर्थात दिवे नीट लावून झाल्यावरच. वाईट प्रकाशयोजना सॉफ्टवेअरने झाकण्याची सवय लागू देऊ नये, असे मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते.

मूळ टिफ फाइलमध्ये शार्पनिंग, डाग काढणे, ओरखडे बुजवणे असे काहीही करू नये. ते सर्व दुसऱ्या प्रतीत करावे.

कोकणओल

काचेला चिकटलेल्या छायाचित्राविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. आमच्या रत्नागिरीकडे हा प्रकार घरोघरी दिसतो. चौकट करताना छायाचित्र आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे अंतर ठेवले नाही, तर पावसाळ्यात जिलेटिन ओलावा शोषून फुगते, चिकट होते आणि वाळताना काचेला धरून बसते. ते सोडवण्यासाठी पाते घालणे, वाफ देणे किंवा फ्रीजमध्ये ठेवणे असे उपाय लोक सांगतात. कृपया यांपैकी काहीही करू नका. मी माझ्या आजोबांच्या तसबिरीचा डावा डोळा अशाच घाईत गमावला आहे.

छायाचित्र काचेसह तसेच राहू द्यावे, काच बाहेरून मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसावी (द्रावण काचेवर कधीही फवारू नये, ते कडेने आत झिरपते) आणि वर सांगितलेल्या ध्रुवीकरणाने काचेतूनच टिपावे. कॅमेऱ्याचे आणि छताचे प्रतिबिंब पडू नये म्हणून कॅमेऱ्याभोवती काळे कापड धरावे, खोलीतील इतर सर्व दिवे बंद करावेत. सोडवण्याचे काम संवर्धकाचे आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे. तेथे निदान विचारणा अवश्य करावी.

सुरळीतल्या समूहचित्राबाबतही एक सांगतो. सुरळी वैशाखात उघडू नका आणि श्रावणातही नको. कोरड्या हवेत जिलेटिन आक्रसते, ठिसूळ होते आणि उलगडताना आडवे तडे जातात. दमट हवेत ते चिकटते आणि बुरशी धरते. घाटावर दिवाळीनंतरचे दिवस मला सर्वांत सुरक्षित वाटतात. तेव्हाही ती जितकी सहज उलगडेल तितकीच उलगडावी, कडांवर मऊ कापडात गुंडाळलेली वजने ठेवून काही दिवस तशीच राहू द्यावी. जोर लावावा लागतो आहे असे वाटले की थांबावे.

अर्धाउजेड

समूहचित्राच्या लांबीवरून एक अंदाज बांधतो. पार्श्वभूमीतली इमारत कमानीसारखी वाकलेली दिसते का? तसे असेल तर ते फिरत्या कॅमेऱ्याने काढलेले असावे. अशा कॅमेऱ्यांत कॅमेरा स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी आत फिल्मची लांब पट्टी सरकते. माणसांना अर्धवर्तुळात उभे करत असत, म्हणजे ती छायाचित्रात सरळ रांगेत दिसत. मागची सरळ भिंत मात्र वाकडी येई. अमेरिकेत १९०४ साली पेटंट झालेला सर्कट कॅमेरा हा या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध.

हे सांगण्याचे कारण असे की अशी छायाचित्रे निगेटिव्हला कागद टेकवून केलेले कॉन्टॅक्ट प्रिंट असत. येथे तपशील ताणलेला नसतो. वाटाण्याएवढ्या चेहऱ्यातही डोळे, चष्मा, मिशांचा पीळ सापडतो. म्हणून चंदेरीमीठ यांनी एनलार्जमेंटसाठी सांगितलेले ४०० येथे पुरेसे नाही. किमान ६०० घ्यावे. तुमच्या कॅमेऱ्यात ६०० ने एका फ्रेममध्ये १० × ६.६ इंचांचा भाग येईल. सुमारे ३० टक्के भाग सामाईक ठेवला, तर दोन ओळींत सहा-सहा अशा बारा फ्रेम लागतील. व्यक्तिचित्रांसाठी ४०० ने एका फ्रेममध्ये १५ × १० इंच येतात, म्हणजे सहा फ्रेम पुरतात.

तुकडे घेताना कॅमेरा आणि दिवे जागचे हलवू नयेत. छायाचित्र एका सपाट, कडक फळीवर ठेवावे आणि ती फळी सरकवावी. कॅमेरा हलवला की समांतरता आणि प्रकाश दोन्ही प्रत्येक वेळी नव्याने जुळवावे लागतात.

वाचनालय-कार्यकर्ता (धागाकर्ता)

सर्वांना कळवण्यासाठी पुन्हा लिहीत आहे. दिवाळीनंतर काम हाती घेतले. ६० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स तीन दिवसांसाठी साताऱ्याहून भाड्याने आणली, कॅरमचा जुना बोर्ड उलटा करून सरकती फळी केली आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीच्या खिडक्यांना काळे कापड लावले.

पहिला दिवस पूर्ण वाया गेला. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या फ्रेममध्ये मध्यभाग २४२ आणि उजवा कोपरा २१५ दाखवत होता. दिवे तीन फुटांवरून सहा फुटांवर नेले, तेव्हा फरक चार-पाच अंकांवर आला. दुसऱ्या दिवशी सहापैकी पाच व्यक्तिचित्रे झाली, तिसऱ्या दिवशी समूहचित्र आणि काचेला चिकटलेले सहावे. जोडणीसाठी हगिन हे मोफत सॉफ्टवेअर वापरले. पहिल्या जोडणीत एका गृहस्थांच्या काठीचे दोन तुकडे झाले.

अर्धाउजेड

काठीचे तुकडे बहुधा कागद त्या ठिकाणी थोडा उचललेला असल्यामुळे झाले असावेत. फळी सरकली की उचललेल्या भागाकडे भिंग वेगळ्या कोनातून पाहते आणि दोन फ्रेम जुळत नाहीत. त्या जागेजवळ कडेला वजन ठेवून तेवढ्या दोन फ्रेम पुन्हा घ्याव्यात. सॉफ्टवेअरला ताणून जुळवू देऊ नये. ते काठी जुळवेल आणि शेजारचा चेहरा रुंद करेल.

वाचनालय-कार्यकर्ता (धागाकर्ता)

तसेच केले आणि काठी जुळली. समूहचित्राची अंतिम फाइल २६४०० × ६००० पिक्सेलची, सुमारे ९५० एमबीची झाली आहे. इमारत खरोखरच वाकलेली आहे. मागच्या रांगेतील एका मुलाच्या हातात पाटी आहे, तिच्यावरची अक्षरे मूळ छायाचित्रात भिंगानेही लागत नव्हती, कारण नेमकी तेथेच चंदेरी झाक होती. आता गावाचे नाव आणि साल दोन्ही वाचता येतात. कार्यकारिणीतील सर्वांत ज्येष्ठ सभासदांनी पडद्यावर चेहरे एकेक मोठे करून बावीस जणांची नावे सांगितली. ती त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून क्रमांकांनुसार लिहून ठेवली आहेत.

फाइलींच्या तीन प्रती केल्या आहेत: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यांतील एक पुण्यात एका विश्वस्तांच्या घरी, आणि तिसरी ऑनलाइन. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल बदलली आहे का हे पडताळणारा अंक, वेगळ्या वहीत नोंदला आहे. भिंतीवर मूळ आकाराच्या नव्या छापील प्रती लावल्या असून मूळ छायाचित्रे आम्लरहित कागदात, पोलादी कपाटात आडवी ठेवली आहेत. काचेला चिकटलेले तेवढे चौकटीसह वेगळे ठेवले आहे. संवर्धकांनी ते पाहून घेतले आहे आणि पुढचा पावसाळा येण्याआधी मुंबईला आणायला सांगितले आहे. तडकलेल्या आठव्या छायाचित्रालाही तेव्हाच सोबत नेणार आहे.